गायरानावर मारवेल लावला तेव्हा

पोळा महिन्यावर आला होता आणि गायरानावर गवताची काडी नव्हती. हसनाबादजवळचं गाव. दुष्काळ सरून दोन वर्षं झालेली. गावानं पोळ्यापर्यंत चराईबंदी मान्य केली होती. तोवर गवत दिसलं नाही तर गुरं आत, आणि रोजंदारीवरचा वॉचमन, म्हणजे मी, बाहेर. सातवीत शाळा सोडून चिपळूणहून एवढ्या लांब आलेलो. परत कोणत्या तोंडानं जाणार?

गवत लावण्याच्या कामावरच्या सुपरवायझर साहेबांनी माती उकरली. "सीड किती खोल टाकलं?"

"चार बोटं, सर. तिफणीनं."

"ज्वारी पेरली का रे तू?"

बी पवन्याचं होतं. हे गुरांच्या आवडीचं, वर्षानुवर्षं टिकणारं गवत. बी हलकं, केसाळ. मातीवर वरवर फेकायचं असतं, खोल गेलं की उगवत नाही. पण शेतकरी हौसेनं तिफणी घेऊन आले. "उघडं टाकलं तर पाखरं खातील," म्हणाले. परक्या मुलखात एवढी माणसं मदतीला आली याचंच मला अप्रूप. मी हो म्हटलं. बी गाडलं गेलं.

"दुसरं सीड यंदा मिळणार नाही," म्हणत साहेब जीपमध्ये बसले.

बांधावर गयामावशी गवत कापत होती. भारे विकून ती घर चालवायची, आणि मलाही रोज भाकरी द्यायची.

"काहून तोंड पाडून बसला रे कोकण्या?"

मी सगळं सांगितलं.

"बी गेलं तर गेलं. बांधाबांधानं मारवेलचं गवत हाय ना! मुळासगट काढू, चरापाशी लावू. पाऊस हाय तवर जल्दी कर."

चर म्हणजे पाणी अडवायला उताराला आडवी खोदलेली नाली. तिच्या कडेला ओल टिकते. मावशीनं आणखी सहा बाया आणल्या. आठ दिवस आम्ही वाकून मारवेलचे ठोंब लावले.

पोळ्याला पाटील चार माणसं घेऊन आले. चरांच्या कडेनं हिरव्या ओळी, मधे उघडा मुरूम.

"एवढंच का?" पाटलांनी विचारलं.

"पाटील, उपटून तर बघा," मावशी म्हणाली.

पाटलांनी ठोंब ओढला. निघेना. दोन्ही हातांनी ओढला.

"पाटील, पडसाल!" मागून कोणीतरी हसलं.

"बराबर धरलंय," पाटील हात झटकत म्हणाले. "दिवाळीपस्तोर राहू द्या. मंग विळ्यानं कापून न्यायचं. जनावर आत न्हाई."

दिवाळीनंतर पहिले भारे निघाले. पुढच्या पावसाळ्यात मधल्या मुरमावरही मारवेल पसरला. मी कामावर राहिलो, आणखी बरीच गायरानं पाहिली. नव्या गावी गेलो की तिथं गवत कोण बाई कापते, ते आधी विचारतो. साहेब कोण, ते काय आपोआप कळतंच.