आपत्तीचा अर्ज

लखनौतल्या आमच्या घराचा पत्ता बरीच वर्षं 'जानकीपुरम विस्तार, पाण्याच्या टाकीच्या मागे, शेवटचं घर' एवढाच होता. शेवटचं म्हणजे अगदी शेवटचं. पुढे कागदावरची कॉलनी: प्लॉटांच्या हद्दीचे दगड, डोक्याइतकं वाढलेलं सरपत गवत आणि पहाटे धुक्यातून येणाऱ्या नीलगायी. दोन हजारनंतरच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. विकास नगरमधली भाड्याची जागा सोडून मी, बायको आणि शाळेत जाणारी मुलगी तिथे राहायला गेलो. दूधवाला भैया मूळचा तिथल्याच गावचा. पहिल्या दिवशी घर न्याहाळून म्हणाला, "साहब, मकान तो बढ़िया बनवाए हैं. बस शहर बनवाना भूल गए."

मी हसलो. बायको हसली नाही. दिवसभर तिथे राहायचं तिला होतं.

वीज बांबूच्या बल्ल्यांवरून यायची. जरा वारा सुटला की बल्ली आडवी. हापशाचं पाणी पिवळं, त्यात धुतलेले कपडे पिवळे. ऑटोवाले टाकीपाशीच उतरवायचे, "आगे नहीं जाएंगे, लौटते में सवारी नहीं मिलती." तिथून ती सामानाच्या पिशव्या घेऊन चिखलातून यायची. वर्ध्याकडून तिच्या आईनं अंबाडीचं बी पाठवलं होतं. तीनदा पेरलं, तिन्हीदा नीलगायींनी खाल्लं. चौथ्यांदा तिनं बाभळीच्या फांद्यांचं कुंपण केलं. सकाळी कुंपण जागेवर होतं, अंबाडी नव्हती. त्या दिवशी ती पायरीवर बसून म्हणाली, "अहो, मला परत जायचंय. आई तिकडे एकटी आहे, मी इथे गुरं हाकलतेय."

ती एकुलती एक मुलगी. माझ्या ऑफिसची एक शाखा नागपूरला होती आणि बदलीसाठी अर्ज करता यायचा, तो हिंदीतून. माझं अक्षर वाईट म्हणून अर्ज तिनंच लिहिला. त्यात एक वाक्य होतं, 'हमारी आपत्ति पर दयापूर्वक विचार किया जाए.' मी तो ऑफिसात नेला, वाचला आणि ड्रॉवरमध्ये टाकला.

का, ते आज लिहितो. तिकडे, नागपूर-वर्ध्याकडे, आडनाव सांगितलं की समोरचा क्षणभर थांबतो. त्या क्षणात तो माझी वस्ती, माझा आजा, सगळं पाहून घेतो. लखनौत जात विचारत नाहीत असं नाही, चांगली खोदून विचारतात. पण माझं आडनाव इथं कुणाला उलगडत नाही. "महाराष्ट्र से हैं? अच्छा." एवढ्यावर भागतं. उत्तर द्यायचं की नाही हे माझ्या हातात राहतं. ही मोकळीक मला सोडवत नव्हती. तिला हे सांगितलं असतं तर कदाचित तिनं समजून घेतलं असतं. कदाचित भांडली असती. मी दोन्हीची संधी दिली नाही.

आठवड्यानं तिनं विचारलं, "अर्जाचं काय झालं?"

मी तयार नव्हतो. तोंडात आलं ते बोललो. "परत आला. अगं, आपली आपत्ती म्हणजे संकट. यांच्या ऑफिसात आपत्ति म्हणजे हरकत. साहेब मोठ्यानं वाचून हसले. म्हणाले, आपको सरकार से क्या आपत्ति है भाई?"

तिचा चेहरा उतरला. "सगळ्यांसमोर वाचलं?"

"हो."

दुसऱ्या दिवसापासून ती हिंदी पेपर पेन्सिल घेऊन वाचू लागली. मुलीची व्याकरणाची पुस्तकं मुलीपेक्षा हिनंच झिजवली. पुढल्या वर्षीच्या अर्जात चूक नव्हती. त्याच्या पुढल्या वर्षी तर माझ्या हेडक्लार्कला जमणार नाही अशी भाषा होती. मला दर वर्षी नवं कारण शोधावं लागायचं. जागा नाही, साहेब बदलले, फाइल वर गेली. ती म्हणायची, "पहिलाच अर्ज हसण्यावारी गेला, आता माझं अक्षर पाहूनच बाजूला ठेवत असतील." एकदा भाजीवाला म्हणाला, "भाभीजी तो यहीं की लगती हैं." ती भाजी न घेताच घरी आली.

हळूहळू शहर आमच्यापर्यंत आलं. रस्ता झाला, गटारं झाली, नीलगायी दिसेनाशा झाल्या. कॉलनीतल्या बायका तिच्याकडून अर्ज लिहून घ्यायला यायच्या, वीजखात्याला, शाळेला. दोन-तीन वर्षांपूर्वीच्या एका दुपारी मी आत पेपर वाचत होतो. बाहेर ती कुणाला तरी सांगत होती, "आपत्ति शब्द ज़रा संभलकर लिखना बहनजी. मेरी तो पूरी ज़िंदगी इसी में अटक गई." दोघी हसल्या.

बाई गेल्यावर मी ऑफिसची जुनी बॅग आणून तिच्यापुढे ठेवली. आत ड्रॉवरमधून घरी आणलेले नऊ अर्ज होते. एकावरही आवक शिक्का नव्हता.

तिनं ते वर्षांप्रमाणे लावले आणि एकेक वाचला. मी आडनावाचं सगळं सांगितलं. ती मान वर न करता ऐकत होती.

"म्हणजे साहेब हसलेच नव्हते?"

"नाही."

"मग हसलं कोण होतं?"

आठवायची गरज नव्हती. साहेबांची नक्कल करताना हसलो होतो तो मीच. तसं सांगितलं.

तिनं अर्जांच्या कडा जुळवल्या. मग म्हणाली, "आडनाव माझंही तेच आहे. मला विचारायचं होतंत." अर्ज तिनं पुन्हा बॅगेत भरले, पहिला सोडून. तो तिनं पर्समध्ये ठेवला.

महिन्याभरात ती वर्ध्याला निघाली. आईला आता दिसत नाही, हाताला धरून न्यावं लागतं. चारबाग स्टेशनवर डब्यात सामान लावून दिलं, पाण्याची बाटली दिली. खिडकीपाशी उभा राहून विचारलं, "परत कधी येशील?"

"लेखी अर्ज करा," ती म्हणाली. "विचार करीन." चेष्टा असेल म्हणून मी तिच्याकडे पाहिलं. ती पर्सची चेन लावत होती.

फोन होतात. आईचं औषध, इथलं पाणी, मुलीची नोकरी. अर्जाचा विषय ती काढत नाही. मी लिहायला बसतो. सविनय निवेदन इथपर्यंत जमतं. तिच्या नऊही अर्जांत कारण एकाच ओळीत होतं, 'पत्नी की माताजी अकेली हैं.' मी माझं कारण लिहितो, 'इथे मी एकटा आहे.' मग वाटतं, ते खरं असलं तरी तिनं यावं याला ते कारण होत नाही. खोडतो. दुसरं अजून सापडलेलं नाही.