मनोऱ्याच्या दरजा

टेकडीवरच्या जुन्या चर्चबद्दल काही विचारायचं असलं की लोक फादरांना सोडून ओळंबाकाकांना गाठायचे. काका गवंडी. भिंतीच काय, माणसंही ओळंबा धरल्यासारखी एक डोळा मिटून सरळ आहेत का ते बघायची खोड, म्हणून हे नाव पडलं.

"वेदीकडचा बुटका भाग सगळ्यांत जुना," ते सुरू करत. "भिंत अडीच हात जाड. मधला लांब भाग नंतरचा. कमानी बघा, डावीकडच्या वीतभर ठेंगण्या. गवंडी बदलला असणार, दुसरं काय! मनोरा सर्वांत शेवटी. पायाच नाही त्याला, थेट खडकावर बसलाय." मग छाती फुगवून, "त्याच्या दरजा मी भरल्यात. सिमेंटनं. शंभर वर्षं हलायच्या नाहीत."

दरजा म्हणजे दगडांमधल्या फटी. काकांचे वडील त्या फटी चुन्यानं भरायचे. महिनोन्‌महिने चुना भिजत घाला, मळा, आणि दहा-बारा वर्षांनी झडला की पुन्हा परांचीवर चढा. तिशीतल्या काकांना याचा कंटाळा आला. एका उन्हाळ्यात त्यांनी सगळा चुना खरवडून सिमेंट ठासलं. वडील खालून ओरडले, "अरे, भिंतीला घाम येतो. तो जाणार कुठून?" काका पोट धरधरून हसले.

चाळीस वर्षांनी मनोऱ्याची भिंत फुगली. इंजिनिअर बाई आल्या, हातोडीनं ठोकत तासभर फिरल्या.

"चुना ओल बाहेर सोडायचा. सिमेंटनं ती आत कोंडली. आतलं सगळं पीठ झालंय, मनोरा उतरवावा लागेल." काकांचा चेहरा बघून त्या घाईनं म्हणाल्या, "काळजी नको. नंबर टाकून एकेक दगड उतरवू आणि चुन्यात पुन्हा तसाच रचू. दगड तेवढे अख्खे निघाले पाहिजेत."

काका तडक फादरांकडे गेले. "फादर, हे माझ्या हातून झालंय."

"काका, तेव्हा सगळेच सिमेंट वापरायचे. तुमचं काय चुकलं?"

कुणीतरी खडसावून बोलावं असं काकांना फार वाटत होतं. पण तसं बोलणारा एकच माणूस होता, आणि त्याला जाऊन तीस वर्षं झाली होती.

नंबर काकांनीच घातले, पांढऱ्या रंगानं, एकही न चुकता. मनोऱ्यातली घंटा उतरवली. मजुरानं पहिल्या फटीत पहार घातली. दरज हलेना. जोर लावला तसा दगडच मधोमध फुटला. दुसराही फुटला. तिसऱ्याच्या वेळी बाईंनी स्वतः छिन्नी धरली. तोही फुटला. बाईंनी हात टेकले.

"काका, काय पक्कं काम केलंय हो तुम्ही!" मजूर अगदी मनापासून म्हणाला.

आपण जरा कामचुकार असतो तर किती बरं झालं असतं, असं काकांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. पायाशी पडलेला तुकडा त्यांनी उचलला. त्यावर अर्धा नंबर होता आणि कडेला त्यांचं सिमेंट. ते त्यांनी नखानं खरवडून पाहिलं. कणभरही निघालं नाही.