तार ऐकणारे काका

“घाई नोका करू, सर. तो तार आयकून राह्यला,” आमचे शिपाई काका मला म्हणायचे. सकाळी शाळेच्या छतावरच्या सोलर पॅनलवर ऊन यायचं, भिंतीवरच्या इन्व्हर्टरचा हिरवा दिवा लुकलुकायचा आणि काका त्याच्यासमोर डोळे मिटून बसायचे.

महागावकडच्या आमच्या शाळेचा इन्व्हर्टर तेच सांभाळत. पॅनलची वीज वेगळी, बाहेरच्या तारेतली वेगळी. दोन्हींची लय जुळल्याशिवाय हे यंत्र वीज पुढं सोडत नाही. काका म्हणत, भजनात उशिरा आलेला माणूस आधी ताल आयकते, मंग तोंड उघडते. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, यंत्राची बाजू घेऊन आपल्याशी भांडणारी. त्यांच्याशेजारी बसलं की यंत्राच्या गुणगुणीत मलाही पेंग यायची, आणि हेडमास्तर असूनही मी ती येऊ द्यायचो.

तारेत वीज नसली की इन्व्हर्टरही बंद. गावाला हे कधीच पटलं नाही. एवढं ऊन पडलंय अन् लाईट नाही, म्हणून लोक काकांची चेष्टा करत. ते नुसते हसत.

एकदा मुलींची शिष्यवृत्ती परीक्षा संगणकावर होती. सात मुली बसल्या आणि वीज गेली. नाल्यापलीकडं तार तुटली होती. ऑफिसातला बॅटरीचा छोटा इन्व्हर्टर जोडून, तारेत वीज आहे असं भासवून मोठ्याला फसवता येतं, हे मला काकांनीच सांगितलेलं. मी त्यांच्यापुढं गयावया केली. पण शाळेला बाहेरच्या तारेपासून तोडणारा मेन स्विच अडकलेला होता, बंदच होत नव्हता. छतावरची वीज उलटी तुटक्या तारेत गेली असती. तो स्विच बदला, असं काका महिनाभर सांगत होते आणि मी आज-उद्या करत होतो.

“फसवता येते मले,” ते हळूच म्हणाले. “पन तारेवर कोनाचा हात हाय, ते इथून दिसत नाही.”

परीक्षा बुडाली. संध्याकाळी काका सातही घरी जाऊन आले. मशीन माझी, चूक माझी, एवढंच म्हणाले. स्विचचं नाव काढलं नाही. मी गप्प राहिलो, त्याची लाज अजून वाटते.

गेल्या उन्हाळ्यात काका वारले. त्यांना घेऊन आम्ही निघालो, तेव्हा नाल्याजवळ लाईनमन मोटारसायकल थांबवून उभा राहिला. परीक्षेच्या त्या दिवशी तार जोडायला खांबावर तोच चढला होता. त्यानं हात जोडले आणि मला हळूच विचारलं, “कोन होते, सर?”