दीड फुटाचा ओटा

धुळ्यात आमच्या गल्लीतली जुनी दुकानं पाडून महापालिका नवं मार्केट बांधणार होती. खर्चातला वाटा मालकांनी दुकानाच्या दर्शनी रुंदीप्रमाणे, फुटाच्या हिशेबाने, हप्त्यांनी भरायचा असा करार होता. मोजणीच्या दिवशी आम्ही सगळे इंजिनिअरला टेप शटरच्या आतून धरायला सांगत होतो. मी असे नऊ इंच वाचवले.

शेवटचं दुकान किल्ल्या बनवणाऱ्या एका म्हाताऱ्याचं. नाव मी कधी विचारलं नाही, सगळे आबाच म्हणत. दुकान चार फुटांचं, शेजारी दीड फुटाचा ओटा, त्यावर ते उन्हात बसत. टेप लावण्याआधी त्यांनी सगळं वितीने मोजून घेतलं.

“भाऊ, ओटा बी मन्हा शे. तो बी मोजा,” ते इंजिनिअरला म्हणाले.

“आबा, पैसा जास्त झाला का?” कोणीतरी विचारलं.

“पैसा कमीच शे. पन मी बसू कोठे?”

आम्ही हसलो.

करारातलं हप्त्यांचं कलम मी तीनदा वाचलं होतं. नवा गाळा मोजलेल्या रुंदीइतकाच मिळेल, हे त्याखालचं कलम एकदाच वाचलं.

आबा आता साडेपाच फुटांच्या गाळ्यात, सावलीत बसून किल्ल्या घासतात. वडिलांच्या वेळचं माझं काचेचं काउंटर नव्या गाळ्यात मावलं नाही. ते घरी आहे, त्यावर मिक्सर असतो.

परवा आबांनी जाता जाता माझा गाळा वितीने मोजला.

“बरोबर शे,” म्हणाले आणि पुढे गेले.