निळोबाची करकर

दुपारचं जेवण अंगावर आलंय, पंखा गरगरतोय आणि श्रीपतराव आरामखुर्चीत डोळे मिटून पडलेत. आपण जागे आहोत, असं त्यांचं म्हणणं. सगळी नोकरी जकात नाक्यावर ट्रक तपासण्यात गेली. पोत्यांखाली हात घालून बघितल्याशिवाय त्यांनी कधी आडवा बांबू वर केला नाही. असा माणूस घरातल्या पाखरावर तरी विश्वास कसा ठेवणार? समोरच्या पिंजऱ्यात निळा बजी आहे, मुठीएवढा पोपट, निळोबा. दुकानदार त्याला लव्हबर्ड म्हणाला होता. श्रीपतरावांना त्यात लव्ह कधी दिसलं नाही.

पाखरू विजयमालेचं, त्यांच्या बायकोचं. ती गेली आणि तेव्हापासून हा आपल्यावर डूख धरून आहे, अशी त्यांची खात्री झालीय. सकाळी घर डोक्यावर घेतो. दुपारी पिसं फुगवून, एक पाय पोटाशी घेऊन मुक्याचं सोंग करतो. आणि अंधारून आलं, की त्यांच्या खुर्चीच्या बाजूला सरकतो आणि चोच घासतो. करकर, करकर. दातओठ खातो मेला! आज संध्याकाळी शेजारच्या रजियाभाभी पिंजरा घेऊन जाणार आहेत. ठरलंय. तोवर पळून जायला नको, म्हणून पिंजऱ्याचं दार त्यांनी सुतळीनं आवळून, गाठीवर गाठ मारून ठेवलंय.

पंख्याचा आवाज लांब लांब जातो. आडवा बांबू खाली येतो.

नाक्यावर रणरणतं ऊन आहे. ट्रक नाही, टेम्पो नाही. एकटी विजयमाला उभी आहे, डोईवर पदर, हातात पिंजरा.

"माल काय?" श्रीपतराव विचारतात.

"आवं, मी हाय."

"सगळे असंच म्हणतात. गेलेल्या माणसाला नाका ओलांडता येत नाही. ओळख सांगा."

"साखरेच्या डब्याचं झाकण तुमी उलटं लावता. डाक्टरनं बंद केल्यावर बी कोण खातंय, ते मला ठावं होतं."

श्रीपतराव चपापतात. तरी मनातला संशय जात नाही. हे निळोबानंच हिला सांगितलं असणार.

टेबलावरच्या पावत्यांवर पाखराचे राळे सांडलेत. टेबल नाहीच, स्वयंपाकघराचा ओटा आहे. विजयमाला कोथिंबीर निवडतेय आणि निळोबा तिच्या खांद्यावर.

"त्याला देऊन टाकताय म्हणं?"

"तूच पढवलायस त्याला माझ्याविरुद्ध. दुपारभर बोलत नाही. पिंजरा हलवून बघावं लागतं, जिवंत आहे का मेला."

"झोपतोय वं तो तवा! तुमी घोरताना मी कदी खुर्ची हलवली?"

"आणि ती करकर?"

विजयमाला हसते. पदर तोंडाला लावून, पूर्वी हसायची तशीच.

"राग आला, भ्या वाटलं, तर पाखरू अंग चोरतंय. काडीवानी बारीक हुतंय. करकर झोपायच्या आदी करतंय, जिवाला निवांत वाटलं की. भ्यालेलं पाखरू चोच घासत न्हाई. माज्यापाशी करायला किती दिस लावलं त्यानं!"

 रोज संध्याकाळी श्रीपतराव त्या आवाजाला शिव्या घालत आलेत.

"तू खरं सांग, कशाला आलीस? त्याला न्यायला? का मला?"

"गाठ बगायला. ही गाठ हाय, का बैल बांधलाय?"

ओटा पुन्हा नाका झालाय. उन्हात बसून ती सुतळी सोडवतेय. मग पुन्हा बांधते, गिरणीला नेताना दळणाच्या पिशवीचं तोंड बांधायची तशी. एक फेरा, एक फासा, टोक लोंबतं. एका ओढीत सुटणारी ती गाठ श्रीपतरावांना जन्मभर जमली नाही.

"तू नाहीस तर घर खायला उठतं गं," ते म्हणतात.

"मग त्याला कुठं धाडताय?"

बेल वाजते. बांबू वर जातो.

खोलीत संध्याकाळ उतरलीय. श्रीपतराव धडपडत उठून कडी काढतात. दारात रजियाभाभी, पिंजऱ्यावर टाकायला जुनी चादर घेऊन.

"काका, किती बेल वाजवायची!"

"तुम्ही मघाशी आत आला होतात?"

"आतनं कडी हाय की. येऊ कशी?"

ते खिडकी बघतात. जाळी जागच्या जागी. मग पिंजऱ्याशी वाकतात. सुतळीला एक फेरा आहे, एक फासा, आणि टोक लोंबतंय. ते हात पुढे करतात आणि न लावताच मागे घेतात.

निळोबा दांडीवरून सरकत सरकत त्यांच्या बाजूला येतो. पिसं फुगवतो. करकर, करकर.

"रागावलाय व्हय ओ?" भाभी चादर उलगडतात.

"हळू बोला," श्रीपतराव चादर धरून थांबवतात. "माझ्याजवळ झोपतोय तो."