मामाची हॅट

परवा नातवाच्या लग्नात सगळे पुरुष उघड्या डोक्यानं उभे होते, आणि माझ्या अंगावर काटा आला. निपाणीला माझ्या थोरल्या आक्काच्या लग्नात बेळगावच्या कॅम्पातला मामा सुटाबुटात, डांबरगोळ्यांच्या वासासकट आलता. मंगलाष्टकं सुरू होताच त्यानं साहेबासारखी हॅट काढून छातीशी धरली. आमच्याकडं डोकं उघडं करायचं ते मयताला; सगळा मांडव गार पडला.

“कोण मेलंय रं हितं?” आप्पा, माझे वडील, कडाडले.

“मान दिला की, दाजी!” मामा पांढराफटक पडला होता.

आप्पांनी तिथल्या तिथं आपला पटका काढून त्याच्या डोक्यावर दाबला. भटजी थांबले. आता नवरीचा बापच बोडका उभा होता! मामानं हॅट पुढं केली.

आक्कावर पहिल्या अक्षता आप्पांनी हॅट घालून टाकल्या.