आबांना तीनदा विचारलं

गेवराईत माझं दुकान आहे, बिघडलेल्या हार्डडिस्कमधून माहिती काढून देण्याचं. डिस्कवर इतक्या दाटीनं लिहिलेलं असतं की शेजारचं शेजारच्यात मिसळतं, वाचताना चूक होणारच. म्हणून लिहितानाच पडताळणीसाठी जादा खुणा घालून ठेवतात. यातली सगळ्यात बाळबोध रीत म्हणजे एकच गोष्ट तीनदा लिहायची आणि दोन जागी जुळेल ते खरं धरायचं. मरायला टेकलेली डिस्क मीही अशीच पुन्हा पुन्हा वाचून बघतो.

माझ्या वडिलांना, आबांना, अर्धांगवायू झाला आणि त्यांचं हो-नाही उलटंपालटं झालं. पोटात अन्नाचा कण नसताना जेवलात का विचारलं तर हो म्हणायचे. मग हा उंटावरचा शहाणा दुकानातली अक्कल उमापूरच्या घरी घेऊन आला. प्रत्येक प्रश्न तीनदा विचारायचा, दोनदा येईल ते उत्तर धरायचं. पाणी, चहा, संडास, सगळं असंच. उत्तरं देऊन देऊन ते घामाघूम व्हायचे आणि मला माझ्याच हुशारीचं कौतुक वाटायचं.

आबा जन्मभर राखत आले त्या मेंढरांमागे जायला आता कोणी नव्हतं. मी जाणार नव्हतो. ती वणवण मला लहानपणापासून नकोशी होती. व्यापाऱ्याला ओट्यावर बसवूनच मी आबांजवळ गेलो.

"आबा, मेंढरं इकू का?"

"हा."

"इकू का?"

"हा."

तिसऱ्यांदा ते "न्हाई" म्हणाले आणि चालत्या हातानं त्यांनी माझा शर्ट घट्ट धरला. मी त्यांची बोटं एकेक करून सोडवली. दोन विरुद्ध एक. दुपारपर्यंत मेंढरं टेम्पोत चढली.

या रीतीची अट मला पाठ होती. चुका थोड्या असतील तरच ती चालते. चुका वाढल्या की चुकीचंच उत्तर ती ठामपणे देते. गिऱ्हाइकाची डिस्क असती तर मी शंभरदा वाचली असती. बापाला तीनदाच विचारलं, कारण दोन होकार माझ्या सोयीचे होते.

माय एवढंच म्हणाली, "तोंडाकडं बघून एकदाच इचारायचं व्हतं."

दुसऱ्या दिवशी आबांना उन्हात बसवलं. मेंढरांच्या रिकाम्या कुंपणाकडे बघून ते रडायला लागले.

"माझं चुकलं का, आबा?"

"हा."

मी पुन्हा न विचारताच ते म्हणाले, "हा. हा."